मागे राहणाऱ्याकडची फाईल

कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यालगत राहणाऱ्यांना अपघाताची बातमी नवी नसते. आंबा घाटात पावसाळी धुक्यात कठड्याला जाऊन भिडलेली गाडी आणि मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात हलवलेला जखमी, हे वर्षातून कितीदा तरी कानावर येतं. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री याच रस्त्याच्या कोल्हापूरकडच्या टोकाला, शिवाजी पुलावरून एक मिनीबस पंचगंगेत कोसळली. गणपतीपुळ्याहून परत निघालेल्या बालेवाडीकडच्या कुटुंबांतली १३ माणसं त्यात गेली.

आपल्या भागात असं काही झालं की पुढचं बरंच आपोआप घडतं. कुणीतरी १०८ ला फोन लावतो, कुणाचा तरी मेहुणा सीपीआरमध्ये निघतो, पोलीस पाटील ओळखीचा असतो आणि संध्याकाळपर्यंत गावातून दोन जीपगाड्या भरून माणसं दवाखान्यात पोचतात. परदेशात गाडी उलटली तर यातलं काहीच नसतं. त्याची सोय निघण्याआधी करावी लागते, आणि माझ्या मते तिचा निम्मा भाग प्रवाशाच्या बॅगेत नको, इथं मलकापुरात, घरी राहणाऱ्या माणसाच्या हातात हवा.

आपल्या लोकांचा परदेशातला गाडीप्रवास साधारण तीन तऱ्हांचा. मुलगा किंवा मुलगी तिकडं नोकरीला, मग त्यांच्यासोबत भाड्याची गाडी घेऊन न्यूझीलंड, युरोप, अमेरिका. दुसरी तऱ्हा दुबई-थायलंडची, जिथं गाडी टूरवाल्याची आणि ड्रायव्हरही त्याचाच. तिसरी म्हणजे यात्रा कंपनीच्या बसमधून पशुपतिनाथ, मुक्तिनाथ. या तिसरीला आपण परदेश मानतच नाही, आणि तयारी सगळ्यात कमी तिथंच असते.

२३ ऑगस्ट २०२४ ला जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. बसमध्ये ४३ जण होते, त्यांतले २७ दगावले. जखमींना काठमांडूला हलवण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानानं २५ मृतदेह जळगावला आणले. केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे स्वतः नेपाळला गेल्या. मोठा अपघात होता, सरकार हललं. पण चारचाकीतल्या एका कुटुंबाच्या अपघातासाठी हवाई दलाचं विमान येत नाही. तिथं कागद लागतात, आणि ते घरून मिळावे लागतात.

नेपाळचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. भारतीयांना व्हिसा लागत नाही, सीमा खुली आहे, पासपोर्टवर शिक्का पडेलच असं नाही. म्हणजे कोण कुठल्या बसमध्ये बसलं होतं याची भरवशाची यादी एकच: तुम्ही घरी ठेवून गेलात ती. ओळख म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र न्या. नुसत्या आधार कार्डावर निघू नका.

आता बसचं. यात्रा कंपनीला दोन प्रश्न विचारायला लाजू नका. गाडीची विमा पॉलिसी नेपाळमध्ये चालते का? आपल्या मोटार पॉलिसीचं क्षेत्र एरवी भारतापुरतंच असतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका वगैरे शेजारी देशांसाठी जादा हप्ता भरून ते वाढवून घ्यावं लागतं आणि तशी नोंद पॉलिसीवर दिसते. स्वतःची एमएच ०९ची गाडी घेऊन भूतानला निघणाऱ्यांनाही हेच लागू. दुसरा प्रश्न, डोंगरात रात्री गाडी चालवणार का? ऑगस्टमधले नेपाळचे रस्ते म्हणजे ऐन जुलैतला आंबा घाट, फक्त शंभर-दीडशे किलोमीटर लांबीचा. कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसात खूप ठिकाणं कोंबलेली दिसली, तर ड्रायव्हरची झोप त्यातूनच कापली जाणार हे ओळखा. दोनशे रुपये स्वस्त म्हणून अशी सहल घेऊ नका.

स्वतः गाडी चालवणार असाल, तर आंतरराष्ट्रीय परवाना कोल्हापूरच्या आरटीओकडून काढा. अर्ज सारथी पोर्टलवर होतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा आपल्या लायसनची मुदत, जे आधी संपेल ते. आपलं मूळ लायसनही सोबत लागतं. इंटरनेटवर पैसे घेऊन घरपोच येणारी रंगीबेरंगी ‘इंटरनॅशनल’ कार्डं पोलिसासमोर कवडीमोल ठरतात. आणि खरा परवानाही सगळीकडे चालत नाही. भारताचा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतो, चीन कुठलाच मानत नाही. व्हिएतनाममध्ये भाड्यानं मोटरसायकल देणारा तुम्हाला परवाना विचारणारही नाही, हसत चावी देईल. विचारणार विमा कंपनी, अपघातानंतर. वैध परवाना नसताना गाडी चालवली, म्हणून क्लेम नाकारला जाईल, दवाखान्याचं बिल कितीही होवो.

प्रवास विम्याबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक जण तो व्हिसासाठी लागतो म्हणून, एजंट देईल तो सगळ्यात स्वस्तातला घेतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. ती व्हिसाची अट आहे, तुमच्या गरजेचं माप नव्हे. अमेरिकेला जाताना तर त्याहून बराच मोठा आकडा घ्यावा. पॉलिसीत चार गोष्टी शोधा: रुग्णाला भारतात हलवण्याचा खर्च, मृतदेह आणण्याचा खर्च, सहल अर्धवट सोडावी लागल्यास भरपाई, आणि दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झाल्यास येणारी जबाबदारी. या चौथ्या कलमात मोटार चालवताना झालेलं नुकसान बहुतेकदा वगळलेलं असतं. ते भाड्याच्या गाडीच्या विम्यात पाहावं लागतं. बीपी-शुगर फॉर्मवर लपवू नका. परदेशातला डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत ते लिहितो. आणि दारू एक घोटही नको. तिथला कायदा थोडी चालवून घेत असला, तरी क्लेम तपासणारा रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवू शकतो.

सरकारी व्यवस्था देशागणिक बदलतात. न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या जखमांवरच्या उपचारांचा बराचसा खर्च एसीसी ही सरकारी संस्था उचलते. दोष कुणाचा हे ती पाहत नाही आणि पाहुण्या पर्यटकांनाही हा लाभ मिळतो. पण घरी परतण्याचं तिकीट किंवा बुडालेलं बुकिंग ती देत नाही. आपल्याकडे मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळण्याची योजना आहे. ती देशाच्या सीमेवर संपते, नेपाळला जाताना लागणाऱ्या सोनौलीच्या कमानीपलीकडे नाही.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना करारात चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घालून घ्या. जावयाच्या नावावर गाडी आणि थोडा वेळ सासऱ्यांनी चालवली, असं आपल्याकडे सहज चालतं. तिथं त्या थोड्या वेळात ठोकली तर विमा संपला. नुकसानीतली आपल्याला भरावी लागणारी पहिली रक्कम किती, तेही विचारा. ती हजारो डॉलर असू शकते. काउंटरवर जादा पैसे देऊन ती शून्यावर आणता येते. या खर्चाला मी तरी कधी नको म्हणणार नाही. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. आणि लांबच्या विमान प्रवासानंतर त्याच दिवशी चाक हातात घेऊ नका, विशेषतः युरोप, अमेरिका, आखात इथं, जिथं वाहतूक उजवीकडून चालते. चूक भर रहदारीत होत नाही, पुढच्या गाड्या पाहून आपण बरोबर जातो. ती होते पेट्रोल पंपातून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना. तिथं शेजारी बसलेल्यानं दर वेळी मोठ्यानं ‘उजवीकडं’ म्हणावं. मागच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावायचाच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली, तेव्हा मागे बसलेले दोघे बेल्टविना होते आणि तेच दोघे गेले.

आता घरी ठेवायची ती फाईल. घरातला किंवा भावकीतला एक माणूस ठरवा. थोरला असलाच पाहिजे असं नाही. फोन उचलणारा, मोडकंतोडकं का होईना इंग्रजी किंवा हिंदी बोलणारा आणि घाबरून न जाणारा हवा. त्याच्याकडे सगळ्यांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, विम्याची पॉलिसी आणि तिच्यावरचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक, भाड्याच्या गाडीचा करार, रोजच्या मुक्कामाची हॉटेलं, तिथल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, प्रत्येकाचा रक्तगट आणि चालू गोळ्यांची नावं द्या. एक छापील संच, एक मोबाईलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळं होऊ नका, समोर बसून समजावून सांगा. पॉलिसी क्रमांक कुठला आणि पासपोर्ट क्रमांक कुठला, हे त्याला न अडखळता वाचता आलं पाहिजे.

या माणसाचा किंवा घरातल्या आणखी एकाचा पासपोर्ट चालू मुदतीचा असावा. ही गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. पोरगा तिकडं आयसीयूमध्ये, दूतावास मदतीला तयार, तिकिटाचे पैसे गोळा झालेले, आणि आई-वडिलांचा पासपोर्टच काढलेला नाही. तत्काळमध्ये काढला तरी दिवस जातात, त्यावर पुन्हा व्हिसा. मूल परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलं असेल, तर आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचा तरी पासपोर्ट आजच काढून ठेवा, सहलीचा विचार नसला तरी.

आपत्कालीन संपर्काचा पत्ता जिथं जिथं लिहाल, तिथं ‘मलकापूर’ एवढंच लिहून थांबू नका. एक मलकापूर बुलढाण्यात आहे, एक कराडला लागून. आपलं शाहूवाडी तालुक्यातलं. दूतावासातल्या माणसानं नकाशावर शोधलं, तर त्याला बहुधा रेल्वे स्टेशन असलेलं बुलढाण्याचंच आधी सापडेल आणि निरोप तिकडच्या पोलीस ठाण्यात जाईल. तालुका, जिल्हा, पिनकोड, तिन्ही लिहा.

खरोखर अपघात झालाच, तर पहिली काही मिनिटं कुठल्याही देशात सारखीच. गाडी बंद, चारही इंडिकेटर चालू, चालता येणाऱ्यांनी रस्त्याच्या कठड्यापलीकडे जायचं. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून वाद घालायचा नाही. आग किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका नसेल, तर मानेला-पाठीला लागलेल्याला हलवायचं नाही. आपल्याकडे उचलून रिक्षात घालतात, तसं तर मुळीच नाही. मदतीचा क्रमांक युरोपात ११२, अमेरिकेत ९११, न्यूझीलंडमध्ये १११, ऑस्ट्रेलियात ०००. अमिरातीत पोलीस ९९९ आणि अ‍ॅम्ब्युलन्स ९९८. नेपाळात पोलीस १०० आणि अ‍ॅम्ब्युलन्स १०२, थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५. जिथं जाणार तिथलाच एक क्रमांक मोबाईलच्या मागं कागदावर लिहून चिकटवा, बाकीचे विसरा.

आपल्या दोन सवयी तिथं घातक ठरतात. एक म्हणजे ‘जागेवर मिटवून टाकूया’. पोलिसांच्या कागदाविना भाड्याच्या गाडीचा क्लेम बहुतेक ठिकाणी होत नाही. दुबईत तर पोलीस रिपोर्टशिवाय गॅरेज पत्र्याला हातही लावत नाही. दुसरी सवय, जमावाच्या भीतीनं घटनास्थळ सोडून नंतर ठाण्यात हजर होण्याची. आपल्याकडच्या ड्रायव्हरला ती जीव वाचवायला सुचते. तिकडं तो स्वतंत्र गुन्हा आहे. थांबायचं. नम्र राहायचं, पण चूक कुणाची यावर मत द्यायचं नाही, आणि भाषा कळत नसलेल्या कागदावर दुभाष्याशिवाय सही करायची नाही. युरोपात दोन्ही चालक मिळून अपघाताचा एक छापील फॉर्म भरतात. त्यातला आपल्याला पटणारा भागच मान्य करा. जखमींचे फोटो काढू नका. अमिरातीत अपघातग्रस्तांचे फोटो काढणं, पसरवणं हाच गुन्हा ठरतो. गाड्यांचे, नंबरप्लेटचे, रस्त्यावरच्या खुणांचे फोटो मात्र भरपूर हवेत, पोलिसांची हरकत नसेल तिथं.

तुमच्या गाडीनं दुसऱ्याला गंभीर इजा झाली, तर प्रकरण वेगळ्या वळणाला जातं. पासपोर्ट जमा होऊ शकतो, देश सोडायला मनाई होऊ शकते. अटक झाली तर ‘माझ्या दूतावासाला कळवा’ असं स्पष्ट सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानं तो हक्क दिला आहे, पण तो बहुधा मागावा लागतो. अमिरातीत मृत्यूबद्दलची दिया, म्हणजे रक्ताचा मोबदला, २ लाख दिरहम आहे. जून २०१९ मध्ये ईदच्या सुट्टीत मस्कतहून दुबईला आलेली बस उंचीच्या आडव्या कमानीला धडकून १७ प्रवासी गेले, त्यांत १२ भारतीय होते. तिथं चालकावर खटला चालून मृतांच्या कुटुंबांना हीच रक्कम देण्याचा निकाल झाला. म्हणून अशा ठिकाणी आपला माणूस गेला असेल, तर घाईत कुठल्याही समझोत्यावर सही करून परतू नका.

मलकापुरातल्या माणसानं पहिल्या फोनवर रडारड ऐकून घ्यावी, पण सोबत चार गोष्टी वहीत लिहाव्यात: कोण, कुठल्या दवाखान्यात, पोलीस ठाणं कुठलं, आणि कुठल्या नंबरवर पुन्हा बोलता येईल. मग लगेच विम्याचा मदत क्रमांक. दाखल झाल्यावर लवकरात लवकर कळवलं तरच ते दवाखान्याशी परस्पर बोलून कॅशलेस करू शकतात. उशीर झाला की तुम्ही आधी भरा आणि मग मागा. त्यानंतर दूतावास. उत्तर येत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिचा क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. गटाचा अपघात असेल तर शाहूवाडी तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांकही लावा. प्रशासनाला नावांची यादी हवी असते, ती तुमच्याकडे आहे. दूतावासाकडे अडचणीतल्या भारतीयांसाठी समाजकल्याण निधी असतो, पण तो परिस्थिती पाहून, अगदी गरजूंना मिळतो. दवाखान्याचं बिल त्यावर सोडू नका.

एवढं होईपर्यंत गावाच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. मृत्यूची बातमी घरच्या म्हातारीला कुणाच्या तरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या स्टेटसवरून कळते, असं आपल्याकडे घडतं. ती कधी कधी चुकीचीही असते.

आता सहलीचं. किरकोळ लागलं, गाडी बदलून मिळाली, हॉटेलांचे पैसे भरलेले आहेत, मग उरलेले चार दिवस फिरून घेऊ, असा सूर निघतोच. माझं सांगणं आहे की त्या दिवशी ठरवू नका आणि दुसऱ्या दिवशीही चाक हातात घेऊ नका. डोक्याला मार लागलेल्याला उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ हे काही तासांनी, कधी दिवसाभरानंतर दिसतं. पोटातल्या रक्तस्रावाचंही तसंच. वरून काही दिसत नसलं तरी सगळ्यांना एकदा तपासून घ्या. एकाही माणसाला रुग्णालयात ठेवलं असेल, तर सहल तिथं संपली असं समजा आणि बुकिंगं रद्द करायला सुरुवात करा. रद्द केल्याच्या पावत्या ठेवा. अर्धवट सोडलेल्या सहलीची भरपाई त्यांवरच मिळते, आणि डॉक्टरनं ‘पुढचा प्रवास करू नये’ असं लेखी दिलं असेल तरच.

परतीचं विमानही लगेच मिळेल असं धरू नका. नवीन प्लास्टर घातल्यावर सूज येते, म्हणून विमान कंपन्या साधारण एक-दोन दिवस थांबायला सांगतात. डोक्याची, छातीची किंवा पोटाची दुखापत किंवा शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरनं भरून दिलेला कंपनीचा वैद्यकीय फॉर्म लागतो. झोपवून आणायचं तर कित्येक सीटांचं भाडं पडतं, सोबत नर्स किंवा डॉक्टर. हा खर्च ऐकूनच, पॉलिसीतलं ते हलवण्याचं कलम का शोधायचं ते कळेल. मुक्काम लांबून व्हिसाची मुदत संपत आली, तर दवाखान्याचं पत्र घेऊन आधीच तिथल्या इमिग्रेशनकडे जा. अपघातात पासपोर्ट हरवला असेल तर पोलिसांत नोंद करून दूतावासाकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. एकदा भारतात येण्यापुरतं ते चालतं.

माणूस गेला असेल, तर तिथला मृत्यू दाखला, पोलिसांचा कागद, देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र, एवढं जमल्याशिवाय विमान कंपनी शवपेटी घेत नाही. भारतातल्या विमानतळावरची परवानगी ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य मंत्रालयाच्या ‘ई-केअर’ पोर्टलवर मिळते. दाखल्यावर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे पासपोर्टवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं आणि विम्यावर तिसरं असतं. नंतर वारसनोंदीला आणि क्लेमला ते वर्षभर छळतं. दाखल्याच्या मूळ प्रती चार-पाच घ्या, आणि इंग्रजीत नसेल तर तिथंच अधिकृत भाषांतर करून घ्या. कोल्हापुरात थाई किंवा अरबी भाषांतरकार शोधणं सोपं नाही.

घरी परताल तेव्हा क्लेमची मुदत सुरू झालेलीच असते, ती पॉलिसीत वाचा. बोर्डिंग पास फेकू नका. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या आणि पोलीस रिपोर्ट यांची झेरॉक्स ठेवून मग मूळ प्रती पाठवा, त्याही पोचपावतीसह. आणि ज्या क्रेडिट कार्डवर गाडी घेतली होती, त्याची स्टेटमेंटं पुढचे काही महिने पाहत राहा. दंड, टोल, गाडी उचलून नेल्याचं भाडं असं कायकाय त्यावर मागाहून पडतं. गाडी घेतानाचा व्हिडिओ तोवर मोबाईलमधून पुसू नका.